शहरांची टोपणनावं आणि बोलीतले शब्द: मूळ कुठलं, मागून जोडलेलं कुठलं?

वाटसरू

न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ का म्हणतात, याचं एक उत्तर गेली बरीच वर्षं सगळीकडे फिरतंय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईव्ह नावाची एक फ्रेंच बाई तिथे कुंटणखाना चालवायची, तिच्याकडच्या मुलींना गिऱ्हाइकं ‘ईव्हची सफरचंदं’ म्हणायची, आणि तेच नाव पुढे शहराला चिकटलं. गोष्ट अशी चटकदार की एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. पण ती रचलेली आहे. १९९० च्या दशकात ती इंटरनेटवर आली. त्याआधीच्या कागदपत्रांत या बाईचा मागमूस नाही.

खरं मूळ घोड्यांच्या तबेल्यात आहे. ‘मॉर्निंग टेलिग्राफ’ या वर्तमानपत्रात शर्यतींवर लिहिणारा जॉन फिट्झ जेराल्ड १९२१ पासून न्यूयॉर्कच्या रेसकोर्सांसाठी हा शब्द वापरायला लागला. १८ फेब्रुवारी १९२४ च्या अंकात तर ‘अराउंड द बिग ॲपल’ हे त्याच्या सदराचंच नाव होतं. घोड्यावर टांग टाकणाऱ्या प्रत्येक पोराचं स्वप्न म्हणजे बिग ॲपल, आणि बिग ॲपल एकच, न्यूयॉर्क, असं त्याने तिथे लिहिलंय. कारण साधं होतं. सर्वांत मोठ्या रकमेच्या शर्यती तिथे व्हायच्या.

शब्द आपला नाही हे फिट्झ जेराल्डने स्वतःच सांगून टाकलं, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. न्यू ऑर्लिन्सच्या फेअर ग्राउंड्स रेसकोर्सवर दोन कृष्णवर्णीय मोतद्दार शेजारशेजारच्या तबेल्यांपुढे घोडे फिरवून थंड करत होते. एकाने विचारलं, इथून पुढे कुठे? दुसरा म्हणाला, बिग ॲपलला. त्यावर पहिल्याने ऐकवलं: मग या हडकुळ्या घोड्यांना आधी नीट खायला घाल, नाहीतर सफरचंदातला मधला बियांचा भाग तेवढा तुझ्या वाट्याला येईल. एवढाच संवाद. वार्ताहराने तो ऐकला आणि लक्षात ठेवला.

पुढे १९३० च्या दशकात जॅझ वादकांनी शब्द उचलला, १९३७ मध्ये त्या नावाच्या नाचाचं अमेरिकेत वेड पसरलं, मग तो बराच मागे पडला. १९७१ मध्ये शहराच्या पर्यटन मंडळाने लाल सफरचंदाचं चिन्ह घेऊन जाहिरात मोहीम केली तेव्हा जगभर झाला. १९९७ मध्ये ब्रॉडवे आणि ५४ व्या रस्त्याच्या कोपऱ्याला ‘बिग ॲपल कॉर्नर’ असं नाव दिलं गेलं, कारण फिट्झ जेराल्ड तिथे राहायचा. त्या दोन मोतद्दारांची नावं मात्र कुणी टिपून ठेवली नाहीत.

हा सगळा माग बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून काढला. मला जे म्हणायचंय ते यातच आहे. शब्द घडवणारी माणसं बहुतेक वेळा कामकरी आणि निनावी असतात, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्या जागी कुणीतरी चमचमीत पात्र आणून बसवतात. अशी आणखी नावं, शब्द इथे जमवूया. अट एकच, वर्ष आणि लिखित पुरावा असेल ते पुराव्यानिशी लिहा, आणि दंतकथा असेल तर ती दंतकथा म्हणूनच लिहा.

पानगळ

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

शिकागोच्या ‘विंडी सिटी’बद्दल मी असं वाचलंय की कोलंबस अमेरिकेत पोचल्याला ४०० वर्षं झाल्यानिमित्तचं जागतिक प्रदर्शन कुठे भरवायचं यावरून न्यूयॉर्क आणि शिकागोत जुंपली होती. तेव्हा ‘न्यूयॉर्क सन’चा संपादक चार्ल्स डेना याने, त्या वाऱ्याच्या शहराच्या बाता ऐकू नका, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. म्हणजे वारा हवेतला नव्हे, तोंडातला. हे पुराव्याच्या अटीत बसतं का?

जुनी_वही

पानगळ, नाही बसत. दोन कारणं. एक, डेनाचा तो अग्रलेख शोधणाऱ्यांना सापडलेला नाही. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, शब्द त्याच्या आधीपासून छापला जात होता. प्रदर्शनाची जागा १८९० मध्ये ठरली, प्रदर्शन भरलं १८९३ मध्ये. आणि ‘सिनसिनाटी एन्क्वायरर’ने ९ मे १८७६ ला ‘दॅट विंडी सिटी’ असा मथळा दिला होता. म्हणजे तब्बल चौदा वर्षं आधी.

त्या मथळ्यातली मजा बघा. बातमी शिकागोत झालेल्या चक्रीवादळाची आहे, तेव्हा वारा खराखुरा. पण लिहिणारा सिनसिनाटीचा. डुकराच्या मांसाच्या धंद्यामुळे सिनसिनाटीला ‘पोर्कोपोलिस’ म्हणायचे, आणि यादवी युद्धाच्या काळात शिकागोने तो धंदा तिच्याकडून ओढून घेतला. हा सल ताजा होता. त्यामुळे ‘वाऱ्याचं शहर’ म्हणताना बढाईखोर हा अर्थ आत दडवलेला होताच. दोन्ही अर्थ एकाच मथळ्यात, आणि म्हणूनच ते नाव टिकलं असं माझं मत आहे. नुसत्या हवामानावरून पडलेलं असतं तर बॉस्टनला पडायला हवं होतं, तिथला सरासरी वारा शिकागोपेक्षा जास्त आहे.

वाटसरू

जुनी_वही, अगदी नेमकं. डेनाच्या गोष्टीत आणि ईव्हच्या गोष्टीत एक सारखेपणा दिसतो. दोन्हींत ‘अमुक माणसाने अमुक दिवशी केलं’ असा ठामपणा आहे. रोजच्या भांडणातून, चिडवाचिडवीतून हळूहळू मुरलेला शब्द सांगायला अवघड जातो; संपादक सांगायला सोपा.

शेजारच्याने नावं ठेवायची आणि ज्याला ठेवली त्याने ती मिरवायची, हे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या नावातही आहे. ‘गॉथम’ हे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅमशरमधलं एक खेडं. नावाचा अर्थ बकऱ्यांचं ठिकाण. तिथले लोक म्हणजे मूर्खांचे शिरोमणी, अशा गोष्टी मध्ययुगापासून चालत आलेल्या. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८०७ मध्ये न्यूयॉर्ककरांची टर उडवताना ते नाव त्यांच्या शहराला लावलं. आज ‘गॉथम’ म्हटलं की बॅटमॅन आठवतो, बकऱ्या कुणालाच आठवत नाहीत.

केवडा

गॉथमच्या लोकांची पूर्ण गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांच्या बाजूची आहे. दंतकथाच आहे, पण फार गोड. राजा जॉन त्या गावावरून जाणार होता. राजा ज्या वाटेने जातो तिचा राजमार्ग होतो आणि त्याचा भुर्दंड गावाला पडतो, म्हणून गावकऱ्यांनी वेडाचं सोंग घेतलं. कोणी कोकिळेला अडवायला झुडपाभोवती कुंपण घालतंय, कोणी ईल मासा पाण्यात बुडवून मारतंय! राजाच्या माणसांनी ते पाहिलं आणि वाट बदलली. म्हणजे वेड्यांचं गाव मुळात शहाण्यांचं. इंग्रजीत त्यांना ‘गॉथमचे शहाणे’च म्हणतात.

गावठाण

मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: बिरुद आणि टोपणनाव. बिरुद वरून येतं, टोपणनाव खालून.

रोमला ‘शाश्वत नगरी’ म्हटलं ते इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात तिबुल्लस या कवीने. ते बिरुद. जयपूर १७२७ मध्ये वसलं, पण गुलाबी झालं १८७६ मध्ये, इंग्लंडचा युवराज (पुढचा सातवा एडवर्ड) येणार म्हणून सवाई रामसिंग महाराजांनी शहर रंगवून घेतलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं ते ‘गुलाबी शहर’ नव्हतंच. ‘पूर्वेचं व्हेनिस’, ‘उत्तरेचं व्हेनिस’ ही तर उसनी बिरुदं. ॲमस्टरडॅम, स्टॉकहोम, सेंट पीटर्सबर्ग, ब्रूज, सगळीच उत्तरेची व्हेनिस. कालवा दिसला की लावा नाव. अशा नावात त्या शहराचं स्वतःचं असं काहीच नसतं, म्हणून ती मला अजिबात आवडत नाहीत.

याउलट एडिनबरोचं ‘ऑल्ड रीकी’ घ्या. स्कॉट्स बोलीत ‘रीक’ म्हणजे धूर. म्हातारी धुरकट. कोळशाच्या चुलींचा धूर गल्लीगल्लीत कोंडायचा, त्यातून आलेलं. लंडनच्या ‘बिग स्मोक’चंही तेच. हे नाव कोणत्या कवीने दिलं नाही, ज्यांच्या नाकातोंडात धूर जात होता त्यांनी दिलं.

केवडा

गावठाण, पॅरिसचं ‘दिव्यांचं शहर’ मग कुठे टाकाल? कोणी म्हणतं ज्ञानप्रबोधनाच्या काळातल्या विचारवंतांमुळे, कोणी म्हणतं रस्त्यावरच्या दिव्यांमुळे.

गावठाण

दिव्यांच्या बाजूने एक पक्की गोष्ट सांगता येते. चौदाव्या लुईचा पोलीसप्रमुख ला रेनी याने १६६७ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कंदील लावायची व्यवस्था सुरू केली. हेतू शोभेचा नव्हता, चोऱ्यामाऱ्या थांबवण्याचा होता. एकोणिसाव्या शतकात गॅसचे दिवे आले आणि रात्रीचं पॅरिस पाहायला लोक लांबून यायला लागले. विचारवंतांचा अर्थ त्यावर छान बसतो, म्हणून तोही राहिला.

रेघोटी

शहरांवरून जरा शब्दांकडे वळते. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. टिप म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’. पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. हे फॉरवर्ड दर काही महिन्यांनी येतातच. यातलं काही खरं आहे का?

जुनी_वही

एकही नाही. एक ढोबळ नियम सांगतो, तो बहुतेक वेळा उपयोगी पडतो. आद्याक्षरं जोडून नवा शब्द बनवायची रीत विसाव्या शतकात, मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात सैन्यामुळे रुळली. त्याआधीच्या शब्दाचं कुणी असं मूळ सांगितलं की आधी शंका घ्यायची. ‘न्यूज’ हे नव्या गोष्टी या अर्थाचं साधं अनेकवचन, आणि जुन्या इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही वेगवेगळं व्हायचं. दिशांचा संबंध नाही.

‘पॉश’ची गोष्ट आपल्याकडे जास्त चालते कारण तिच्यात हिंदुस्थानची बोट आहे. पी अँड ओ कंपनीच्या बोटीतून येताना डावी बाजू आणि परत जाताना उजवी बाजू सावलीची, म्हणून श्रीमंत लोक तशा केबिन घ्यायचे आणि तिकिटावर ही चार अक्षरं छापलेली असायची, असं सांगतात. तसं एकही तिकीट कधी मिळालेलं नाही. उलट एकोणिसाव्या शतकात ‘पॉश’ हा लंडनच्या चोरबाजारी बोलीत किरकोळ नाण्यासाठी वापरला जायचा, रोमानी भाषेत त्याचा अर्थ ‘अर्धा’. छानछोकी करणारा माणूस या अर्थानेही तो १८९० च्या आसपास कोशात आहे. पैशावरून पैसेवाल्याकडे, हा प्रवास बोटीशिवायही होतो.

रेघोटी

आणि ओके? तो तर १९०० च्या आधीचा, आणि तोही आद्याक्षरांचाच म्हणतात.

जुनी_वही

बरोबर, आणि म्हणूनच त्याचं मूळ सापडायला इतका वेळ लागला. ॲलन वॉकर रीड या भाषाशास्त्रज्ञाने १९६३-६४ मध्ये ते सिद्ध केलं. १८३८-३९ च्या सुमाराला बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची लाट आली होती. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’, आणि ‘ऑल करेक्ट’चं ‘ओ. के.’. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एका चेष्टेच्या मजकुरात ते आलंय, शेजारी अर्थासकट. अर्थ द्यावा लागला, म्हणजे शब्द तेव्हा नवा होता.

बाकीची भावंडं वर्षा-दोन वर्षांत मेली. ओके वाचला तो निवडणुकीमुळे. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते, त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ यावरून ओ. के. क्लब काढले. विरोधकांनी त्याच अक्षरांची खिल्ली उडवली. व्हॅन ब्यूरेन हरले, शब्द जिंकला.

तरी लोक चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला ‘ओके’, ग्रीक ‘ओला काला’ असं काहीबाही सांगत राहतात. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन चोक्टॉवरून म्हणून ‘ओकेह’ असं लिहायचे.

चांदणवेल

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. तुम्ही दंतकथांना फार लवकर बाहेर काढताय. लोकांनी रचलेलं मूळ चुकीचं असलं तरी ते जुनं असेल तर तोही एक पुरावाच असतो, लोकांना त्या शब्दाबद्दल काय वाटत होतं याचा.

लंडनचा ‘कॉकनी’ घ्या. जॉन मिन्शूच्या १६१७ च्या कोशात गोष्ट दिलीय. लंडनचा एक मुलगा बापाबरोबर पहिल्यांदा खेड्यात गेला. घोडा खिंकाळला, मुलाने विचारलं हे काय, बाप म्हणाला घोडा ‘नेइ’ करतोय. थोड्या वेळाने कोंबडा आरवला तर पोरगं विचारतं, कॉकसुद्धा ‘नेइ’ करतो का? म्हणून ‘कॉक-नेइ’. व्युत्पत्ती म्हणून हे टाकाऊ आहे. शब्द चौदाव्या शतकातला, मूळ अर्थ ‘कोंबड्याचं अंडं’, म्हणजे लहान, वेडंवाकडं अंडं. त्यावरून लाडावलेलं मूल, त्यावरून नाजूक शहरी माणूस, आणि १६०० च्या सुमारास सेंट मेरी-ले-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील तिथे जन्मलेला लंडनकर. पण मिन्शूची गोष्ट आपल्याला सांगते की तेव्हाच्या खेड्यातल्या माणसाला शहरी पोर किती अडाणी वाटायचं. हे कोरड्या व्युत्पत्तीत कुठे मिळणार?

वाटसरू

चांदणवेल, मिन्शूपुरतं पूर्ण मान्य. १६१७ ची गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे आणि ती त्या काळाबद्दल बोलते. माझा राग ईव्हसारख्या गोष्टींवर आहे. ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली, आणि ती जुनी असल्याचं सोंग घेते. शिवाय तिच्यामुळे दोन खऱ्या माणसांचं श्रेय जातं. कृष्णवर्णीय मोतद्दारांच्या तोंडचा शब्द खोट्या फ्रेंच बाईच्या नावावर टाकणं मला नुसती गंमत वाटत नाही.

मुक्काम_पोस्ट

आपल्या भाषांतून गेलेला एक शब्द इथे यायलाच हवा: ‘ब्लायटी’. ब्रिटिश सैनिक इंग्लंडला ब्लायटी म्हणायचे. तो आपला विलायत. अरबी विलायत, म्हणजे प्रांत किंवा राज्य. उर्दूत विलायती म्हणजे परदेशी, मग खास करून इंग्रजी. बोलताना ‘व’चा ‘ब’ झाला, बिलायती, आणि गोऱ्या शिपायांच्या तोंडात ब्लायटी. हिंदुस्थानातल्या पलटणींत तो मुरला आणि पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये पोचला.

तिथे त्याला जो अर्थ आला तो वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. ‘ब्लायटी’ म्हणजे अशी जखम, की जिच्याने जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील. शिपाई अशी जखम व्हावी म्हणून वाट बघायचे. ज्या शब्दाने आपल्याकडे परका मुलूख सांगितला जायचा, त्याच शब्दाने त्यांना घर सांगितलं.

केवडा

मुक्काम_पोस्ट, हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

रेघोटी

वर जॅझ वादकांचा उल्लेख आलाय म्हणून एक छोटी भर. ‘जॅझ’ हा शब्दही संगीतातून आलेला नाही, बेसबॉलमधून आलाय. १९१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात बेन हेंडरसन या गोलंदाजाच्या एका चेंडूचं नाव ‘जॅझ बॉल’ असं छापलंय, कारण तो असा डगमगत येतो की त्याचं काही करताच येत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे जोश, चैतन्य असा अर्थ झाला आणि १९१५ च्या सुमारास शिकागोत तो संगीताला लागला.

गावठाण

गुन्हेगारांच्या बोलीचा विषय ‘पॉश’वरून निघालाच आहे, तर ब्यूनस आयर्सची ‘लुनफार्दो’. मला सगळ्यांत जवळची वाटणारी शहरी बोली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे इटलीतून लाखो माणसं आली. बंदर, चाळवजा वाडे, तुरुंग, सगळीकडे स्पॅनिशमध्ये इटालियन बोली मिसळल्या. ‘लुनफार्दो’ या शब्दाचाच तेव्हाचा अर्थ चोर. त्यामुळे त्या बोलीच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक कुणी केली? १८७९ मध्ये पोलीस खात्यातल्या बेनिग्नो लुगोनेस नावाच्या एका कारकुनाने, ‘ला नासिओन’ या वर्तमानपत्रात. चोर काय बोलतात ते सज्जनांना कळावं म्हणून. शब्द जपले गेले ते असे, पोलिसांच्या हातून.

शब्द उलटे करायचीही तिथे रीत आहे. ‘तांगो’चं ‘गोतान’, ‘काफे कोन लेचे’चं ‘फेका कोन चेले’. या खेळाचं नाव ‘वेस्रे’, तेही ‘रेवेस’, म्हणजे उलट, या शब्दाचं उलटं. फ्रान्समध्ये ‘व्हेर्लां’ अगदी असंच चालतं, ‘फाम’चं ‘मफ’ होतं, आणि ‘व्हेर्लां’ हे नावही ‘लांव्हेर’ उलटून बनलेलं.

वाटसरू

गावठाण, मग ती बोली पोलिसांच्या वहीतून बाहेर कशी आली?

गावठाण

टँगोमुळे. गाण्यांतून ती मध्यमवर्गीय घरांत शिरली, इतकी की १९४३ नंतरच्या लष्करी राजवटीत रेडिओवरच्या टँगोंमधून लुनफार्दो शब्द काढायला लावले गेले, गाणी ‘शुद्ध’ करून गायला लागायची. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच, डिसेंबर १९६२ मध्ये, ब्यूनस आयर्समध्ये लुनफार्दोच्या अभ्यासासाठी स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. ती आजही काम करते. इटालियन ‘लाव्होरो’वरून आलेला ‘लाबुरो’, म्हणजे काम, हा शब्द आता तिथे कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळे वापरतात.